उजवीकडच्या चार ओळी

गुरु., १३ नोव्हेंबर २००३, वडगाव रासाई

१. आईची गोधडी ती गेल्यापासून, म्हणजे ऑगस्टपासून, पेटीत अर्धवट होती.
२. आज दुपारी दर गुरुवारी गोधडी शिवायला जमणाऱ्या बायका ती पुरी करायला आमच्या ओसरीवर बसणार होत्या. मला सुट्टी. सकाळी उलगडून तपासली.
३. उजव्या बाजूच्या आतल्या चार ओळी वाकड्या. टाका कुठे ४ मिमी, कुठे ११. बाकी सगळीकडे ५. उजवी बाजू सुनंदाची.
४. चारही उसवल्या. मोजपट्टी लावून नव्याने घातल्या.
५. सुनंदा कासुर्डीहून दोन गाड्या बदलून आली. आपल्या जागेवर बसली. ओळींवरून हात फिरवला. "ह्या कुणी घातल्या?" "मी." "आन् पहिल्या?" "उसवल्या. वाकड्या होत्या."
६. तिने सुई रिळात खोचली. चहा न घेता गेली.

दुसरीची ओळ उसवायची नाही, हा बायकांचा नियम मला माहीत होता. मला वाटायचं, तो मन राखण्यापुरता आहे.

शुक्र., १४

कंपनीत पहिली पाळी. मशीनचे शाफ्ट तपासले. सहा बाद. तिथे कुणी उठून जात नाही.

सुनंदा आणि मी पाचवीपासून एका बाकावर. मी डिप्लोमाला गेले, तिचं लग्न झालं. तरी गुरुवार सोडला नाही तिने. आली की, "काय इन्स्पेक्टरीणबाई, आज कुणाला नापास केलं?" काल हे विचारायच्या आतच...

रवि., १६

पारूकाकू आल्या. बायकांत त्याच सगळ्यांत मोठ्या, टाकाही त्यांनीच शिकवलेला. मी म्हणाले, काकू, ओळी खरंच वाकड्या होत्या.

"व्हय की. दिसत नसल्याल्या बाईनं घातल्या, वाकड्याच असणार."

"कोण बाई?"

"तुझ्या आईला चैतापासनं नीट दिसत न्हवतं. सुनंदी सोमवारची येगळी यायची, तू कामावर असायचीस तवा. तिच्या हातावर हात धरून टाकं घालून घ्यायची. त्या चार ओळी दोघींच्या."

"मला का नाही सांगितलं?"

"आईनंच न्हाई सांगू दिलं. म्हणली, पोरगी भिंग घिऊन माझा डोळाच तपासाय बसंल."

गुरुवारी आई सुई हातात घ्यायची नाही. पाठ दुखते म्हणायची. माझ्यासमोर बसून म्हणायची.

संध्याकाळी पट्टी पुसून जागेवर ठेवली. जेवले.

गुरु., २०

सुनंदा आली नाही. तिच्या जागेवर कुणी बसलं नाही. मी तिकडे सरकू लागले तर काकू म्हणाल्या, "तू आपल्या बाजूला ऱ्हा, इंजिनेरबाई." बायका हसल्या.

तीन बाजू मध्यापर्यंत आल्या. उजवी मागे राहिली. ती पुरी झाली की मधोमध भाकरीचा तुकडा ठेवायचा, गोधडीचं पोट भरायचं, मगच घडी घालायची. सकाळी भाकरी करून ठेवली होती. ती आम्ही चहाबरोबर खाल्ली.

उसवलेला दोरा मी टाकला नव्हता. कंपनीत बाद तुकडासुद्धा महिनाभर ठेवतो, ती सवय. बटणांच्या डब्यात आहे. दोऱ्याला टाक्यांचे बाक अजून तसेच आहेत. प्रत्येक टाक्याची लांबी मोजता येईल.

मोजली नाही.

शनि., २२

माझ्या चार ओळी उसवल्या. भिंगाखाली जुनी भोकं दिसतात, बहुतेक सगळी. एका जागी लागून लागून तीन. तिथे आईची सुई तीनदा चुकली असावी. किंवा दोघी हसल्या असतील.

सुनंदाला पत्र टाकलं. नक्कल:

"सुनंदा, काकूंनी सांगितलं. ओळी कुणाच्या ते मला माहीत नव्हतं, पण नियम माहीत होता. चूक माझी. माझ्या ओळी काढल्या आहेत. जुनी भोकं कापडावर आहेत, दोरा माझ्याकडे आहे. मला एकटीला जमणार नाही. आईचा हात कसा जायचा, ते तुलाच माहीत. गुरुवारी, २७ ला, बायका बसतील. तू येणार की नाही, ते बुधवारी, २६ ला, संध्याकाळपर्यंत वाण्याच्या फोनवर कळव. भाकरी करायची की नाही, ते त्यावर ठरवेन."