वादळ आलं होतं

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काहीच समजलं नाही! पुण्याकडून नातीचा फोन होता – गार्गीचा. तिकडे माळावर अँटेना उभ्या आहेत, त्यांतून ती सूर्य बघते.

"बघते की ऐकते वं?"

"दोन्ही नाही, आबाजी. मोजतो आम्ही."

एकेका अँटेनाला थोडंथोडंच कळतं. सगळ्यांचं जुळवलं की चित्र तयार होतं म्हणे. हे मात्र पटलं – उमरेडला बाबांच्या हातमागावर एकच धागा बघून लुगड्याचा काठ कुठं कळायचा?

पण पुढचं! सूर्यातून तापल्या वायूचा ढग सुटलाय, सौरवादळ म्हणतात त्याला, रविवारी पृथ्वीवर आदळणार. मीटिंगमध्ये तिने तसं सांगूनही टाकलं. नोकरीतला पहिलाच अंदाज.

चाळीस वर्षं कळमेश्वरच्या शाळेत कविता शिकवल्या. त्यांतला सूर्य उगवायचा, हसायचा, मावळायचा. आदळायचा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर गच्चीवर. ऊन छान. बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी

फिरायला गेलो तर रोजच्या कट्ट्यावरची मंडळी आणि आमचा दोस्त ताराचंद समोर. त्याला मी परवा मोठ्या ऐटीत सांगून बसलो होतो.

"काय गा मास्तर, तुमचं वादळ रस्ता चुकलं का? कुठं थांबून राहिलं?"

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी गार्गी फोनवर रडली. तिथेही हसले लोक. "मी सोडते हे, आबाजी. मले नाही जमत."

धीर द्यायला हवा होता. पण बायको, रुख्मिणी, गेल्यापासून या घरात मी एकटा. म्हणालो, "ये मग घरी."

फोन ठेवला आणि जुनी कविता गुणगुणत चहा केला! लिहायलाही लाज वाटते.

११ फेब्रुवारी

गार्गीचा फोन. वादळ आलं होतं! रविवारीच, अगदी वेळेवर. पण त्याच्या पोटात चुंबक असतं, त्याचं तोंड उत्तरेकडे होतं. म्हणून पृथ्वीला धक्का न लावता सरकून गेलं. दक्षिणेकडे असतं तर दणका! ते तोंड कुठं आहे, हे आधी कुणालाच कळत नाही. तेच शोधायचं तिचं काम.

"म्हणजे तू चुकली नाही?"

"अर्धीच बरोबर, आबाजी."

अर्धी बरोबर तर सोडायचं कशाला – हे विचारायचं राहिलं. राहिलं, की मीच राहू दिलं? डोकं चालत नाही. दुपारी तिची खोली झाडून ठेवली.

१३ फेब्रुवारी

राजीनामा दिला म्हणे. मी "बरं" म्हणालो.

१७ फेब्रुवारी

ताराचंदला उत्तर-दक्षिण समजावलं. तो म्हणाला, "मंग पोरगी हुशार आहे ना गा!" घरी येईपर्यंत तेच वाक्य कानात. गोड का लागलं नाही?

२२ फेब्रुवारी, रविवार

गार्गी आली. तीन बॅगा. कायमची.

दार उघडलं. ये, बस, पाणी घे, असं म्हणायचं होतं. तोंडातून तोच राहिलेला प्रश्न निघाला, "काहून आली वं?"