अब्बांच्या ठशाचा चाकू

सोनाळा,
९ जानेवारी २०२४

चि. अकील यास,
आपा राबियाचा सलाम व अ. उ. आ. वि. वि.

तुला फोन केला की "गिऱ्हाईक आलं, ठेवतो" म्हणतोस. शिवाय अब्बा तिथंच भट्टीजवळ बसलेले असतात, म्हणून मलाही मोकळं बोलता येत नाही. तेव्हा म्हटलं, लिहावंच. आपण दोघं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, त्याचा काही तरी उपयोग होऊ दे. तुझं अक्षर सुधारलं की नाही तेही कळेल.

इकडे सगळे बरे आहेत. संत्र्याच्या कलमांचे दिवस आहेत, नर्सरीत खुंटांवर कलमाचे डोळे भरायला बाया सकाळपासून बसतात. तू पाठवलेले घडीचे चाकू सगळे खपले. रोपं घ्यायला येईल त्याला तुझे दुल्हाभाई थांबवून सांगतात, की बाजारातल्या चकचकीत परदेशी चाकूच्या नादी लागू नका, आपल्या देशातला, आपल्या जिल्ह्यातला घ्या, हा पिंपळगाव राजाच्या गफ्फार मिस्त्रींच्या हातचा आहे. पात्यावरचा गोलातला 'ग' असा दाखवतात, जसा काही तो यांनीच कोरला. सासऱ्याचं इतकं कौतुक करणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा रुखमाबाईचा हात कापला गेला. आमच्या नर्सरीत ती सगळ्यात जुनी, आणि माझ्या बचत गटात पहिल्या दिवसापासून. फांदीवर जोर दिला तसा चाकूचा खटका सुटला आणि पातं तिच्या बोटांवर मिटलं. अकोल्याला नेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या आहेत. जखम भरेल, पण बोटं पहिल्यासारखी वळतील असं डॉक्टर सांगत नाहीत. अकील, ती बाजारातला चाकू घ्यायला निघाली होती. मीच तिला अडवलं आणि अब्बांचा तिच्या हातात ठेवला.

अब्बांच्या चाकूचा खटका सुटलेला मी जन्मात पाहिला नाही. एखादा घाईत बसवला गेला का, ते तू बघ. अब्बांना एवढ्यात सांगू नकोस, जीवाला लावून घेतील. अम्मीच्या गुडघ्यांचं कळव. शाहीनला आशीर्वाद. लोभ आहेच, पत्र लिहून तो टिकव.

तुझी आपा,
राबिया


पिंपळगाव राजा,
१६ जानेवारी २०२४

ती. आपाले अकीलचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. अक्षराचं म्हणशील तं मास्तरानं हात टेकले, आता तूही टेक.

रुखमाबाईचं वाचून वाईट वाटलं. पण आपा, चाकू म्हटला तं कधीमधी लागणारच. ओल्या हातानं धरला असन. नाही तं खटका पुरा बसला नसन अन् तिनं जोर लावला असन. कामाच्या बायाईले घाई राह्यते. एका चाकूवरून तू एवढं मनाले लावून घेऊ नको.

अब्बाले मी काही बोललो नाही. थे खूश आहेत. बाजारात लोक त्याईले थांबवून सांगतात का मिस्त्री, यंदाचा माल लय झकास. मंग संध्याकाळी थेच गाणं अम्मीले दोनदा ऐका लागते. अम्मीचे गुडघे थंडीनं दुखून राह्यले, तरी तुझ्यासाठी मिरचीचं लोणचं घातलंच. वकार दुल्हाभाईले सांग, पुढचा माल पाठवून राह्यलो.

रागाऊ नको. होता तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
अकील


सोनाळा,
२७ जानेवारी २०२४

अकील,
सलाम.

पुढचा माल पाठवू नकोस.

यांनी रुखमाबाईच्या चाकूची पिन काढून तो सुटा केला. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, तिथं परदेशी अक्षरं आहेत. कानशीनं घासून बुजवलेली, पण पुरती गेलेली नाहीत. वरच्या अंगाला अब्बांचा 'ग'. मग नर्सरीतल्या बायांकडचे दोन-तीन चाकू होते तेही उघडले. सगळे तसेच.

रुखमाबाईचा हात कापला त्याच दिवशी हे म्हणाले होते, की राबिया, हे लोखंड तुझ्या अब्बांचं वाटत नाही. मी केवढी भांडले! माझ्या माहेरचं काही चांगलं तुम्हाला कधी दिसलंच नाही, असंही बोलून गेले. आता हे काही म्हणत नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आणि तुझं ते "ओल्या हातानं धरला असन". मी ते वाचून रुखमाबाईच्या घरी गेले आणि तिला विचारलं, बाई, तुझे हात ओले होते का? पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तुझ्या एका वाक्यासाठी मी तिला हे विचारलं.

खरं काय ते लिही. अब्बांना हे ठाऊक आहे का, तेवढं आधी लिही.

राबिया


पिंपळगाव राजा,
४ फेब्रुवारी २०२४

ती. आपाले अकीलचा सलाम.

अब्बाले ठाऊक नाही. ह्यातलं काहीच ठाऊक नाही.

मांगच्या वर्षी त्याईले झटका येऊन गेला, तवापासून हात कापते हे तुले माहीत आहे. घण उचलतात, पण तापल्या पात्याले पाणी देऊन कडक करतानी अंदाज चुकते. नजरही गेली. अमडापूरचे अर्जुनराव, थे वांग्यावाले, वर्षानुवर्षं अब्बाचाच चाकू वापरतात. परदेशी चाकू कोणी फुकट देल्ला तरी हातात धरत नाहीत. थे एक दिवस मले दुकानाच्या मांगं घेऊन गेले अन् मोडलेलं पातं हातात ठेवलं. म्हणे, तुह्या बापाले सांगू नको, पण हे भाकरीवाणी मोडलं बे. मंग दुसरे आले. मंग तिसरे. मी सगळे चाकू वापस घेतले अन् घरी पोत्यात भरून ठेवले.

अब्बाले कसं सांगू होतो मी? खाटेवरून उठले थेच भट्टीसाठी. एक व्यापारी भेटला, त्याच्याकडून बाहेरदेशचे चाकू घेतले, नाव घासलं अन् अब्बाचा ठसा मारला. अब्बा दुकानात पाते करत, मी मुठी बसवाले म्हणून घरी आणो अन् पोत्यात टाको. विकलं थे दुसरंच. लोक अब्बाले म्हणत, मिस्त्री, तुमचा हात वापस आला. तवाचं त्याईचं तोंड तू पाह्यलं नाही आपा.

खोटं काऊन बोलू, पुढंपुढं मलेही सोपं वाटाले लागलं. गिऱ्हाईक वाढलं. मंग थांबता येत असून थांबलो नाही.

अब्बाले सांगू नको. रुखमाबाईच्या दवाखान्याचं सगळं मी पाहतो. एवढा लोभ कर.

अकील


सोनाळा,
८ फेब्रुवारी २०२४

अकील,
सलाम.

अब्बांना मी सांगणार नाही. तू सांगायचं.

तुला अब्बांचं मन जपायचं होतं, ते मला कळतं. कदाचित मीही तेच केलं असतं, म्हणूनच मला झोप नाही. पण तुझ्या-माझ्या बापाचं मन जपायला रुखमाबाईनं आपली बोटं द्यावीत, हे कोणी ठरवलं होतं? आपल्या देशाचा म्हणून, ओळखीच्या माणसाचा म्हणून लोक डोळे मिटून हा चाकू घेतात. त्या मिटल्या डोळ्यांचा तू धंदा केलास.

ठसा मारलेले चाकू अजून किती जणांच्या खिशात असतील. उद्या दुसऱ्या कोणाचा हात जाईल. यापुढे तुझं पत्र आलं तर ते सांगून झाल्याचंच यावं.

राबिया


पिंपळगाव राजा,
१९ फेब्रुवारी २०२४

ती. आपांच्या सेवेशी,
शाहीनचा सलाम. वि. वि.

यांच्याच्यानं लिहिणं होत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

यांनी अब्बांना सांगितलं. शुक्रवारी, नमाजहून आल्यावर, अम्मीच्या आणि माझ्या समोर. खाली बघून सगळं सांगितलं, तुमच्या रुखमाबाईंचंही.  अब्बांनी शेवटी एवढंच विचारलं, की माझे पाते कुठं आहेत.

यांनी पोतं आणलं. अब्बांनी ते दुकानात नेलं, एकेक पातं पकडीत धरलं आणि वाकवून पाहिलं. पहिलं मोडलं. मग दुसरं. मी दारात उभी होते, नुसता कट्‌कट् आवाज येत होता. हे रडत म्हणाले, बस करा अब्बा. अब्बा म्हणाले, तू गप राह्य, माझे आहेत, मलेच मोजू दे. एक-दोन न मोडता वाकून परत सरळ झाली, ती जरा वेळ हातात धरून बसले.

तेव्हापासून भट्टी बंद आहे. जेवतात, पण वाढलं तेवढंच. यांच्याशी बोलत नाहीत. अम्मी दोघांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला सांगतात. अब्बांनी यांना मारलं असतं तर घर हलकं झालं असतं, असं अम्मी म्हणतात.

आपा, यांचं चुकलं, मी बाजू घेत नाही. मलाही पोत्याचं ठाऊक होतं, कशाचं ते मी विचारलं नाही. तुम्ही एकदा या. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
शाहीन


पिंपळगाव राजा,
२८ फेब्रुवारी २०२४

चि. राबियाले अब्बाची दुवा.

शाहीन लिहून राह्यली, मी सांगून राह्यलो. तू घरी आली नाही, बरं केलं. आली असती तं मी रडलो असतो.

बाजाराच्या दिवशी अकीलले घेऊन मी आपल्या जागेवर बसलो. विकाले काहीच नेलं नाही. ज्यानं ज्यानं वर्षभरात चाकू नेला त्याले हाक मारली अन् अकीलले सांगाले लावलं. त्याच्या तोंडानं.  लोक जमा झाले. कोणी शिव्या देल्ल्या. कोणी चाकू फेकून गेला. अर्जुनराव आले, चाकू माझ्या म्होरं ठेवला अन् माझ्याकडे न पाहता निघून गेले. त्याईच्या मांगं जावं वाटलं, पण बसूनच राह्यलो.

पण बेटा, खरं लागलं थे येगळंच. एक पोरगा म्हणे, चाचा, कापते ना? मंग कोठचा का असेना, मी नाही वापस देत. अन् आणखी दोघं-चौघं तसेच म्हणाले. मी त्याईले सांगू पाह्यलं. आपल्या इकडचाच चाकू घ्या असं मी जनमभर काऊन म्हणत आलो? बाहेरचे लोक वाईट बनवतात म्हणून नाही. थेही कोणा कारागिराचेच हात आहेत. पण चाकूनं घात केला तं बनवणाऱ्याच्या दारात जाऊन त्याची गचांडी धरता आली पायजे. म्हणून जवळचा घ्याचा. अन् माझ्याच घरानं लोकाईले खोटं दार दाखवलं.

अकीलचा मले राग आहे. पण माह्याही मनात शंका आल्ती. एवढा कापता हात एकदम कसा सुधरला? मी कोणालेच विचारलं नाही. तारीफ गोड लागे.

शनिवारी एस.टी.नं येतो. वकाररावले फाट्यावर पाठव. रुखमाबाईले सांगून ठेव. भेटाले तयार नसन तं दारातूनच वापस जाईन. पोराबाळाईले दुवा. बापावरचा जीव कमी करू नको.

तुझा अब्बा,
गफ्फार


सोनाळा,
५ मार्च २०२४

चि. अकील यास,
आपाचा सलाम. वि. वि.

अब्बा सुखरूप पोचले असतील. इथं काय झालं हे ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

रुखमाबाई भेटली. आत बोलावलं, पण बसा म्हणाली नाही. अब्बा उभेच राहिले. मग तिनंच पायानं पाट सरकवला. अब्बांनी तिचा हात पाहू का म्हणून विचारलं. तिनं पुढं केला. दोन बोटं सरळच राहतात, वळत नाहीत. अब्बांचा हात कापत होता आणि त्यात तिचा हात.  माफ कर असं अब्बा म्हणाले नाहीत, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं.

तुले काय पायजे बाई, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मले माझं काम पायजे. डाव्या हातानं कलमाचे डोळे भरायचा प्रयत्न करते आहे, पण घडीचा चाकू डाव्या हाताला उघडत नाही, दर वेळी दातानं ओढावा लागतो. अब्बा म्हणाले, डाव्या हाताचा चाकू बनवता येतो. पण मी आता बनवू शकत नाही, माझा पोरगा बनवन, मी त्याच्याजवळ बसीन. तुला न विचारता तुझा शब्द दिला त्यांनी. मी मधे पडले नाही.

 ती म्हणाली, बनवा. पण त्याच्यावर ठसा मारू नका. चालला तं लोकाईले मीच सांगीन कोणाचा होय थो.

चहा तिनं विचारला नाही.  येताना हे हळू चालत होते, अब्बांच्या पावलाला पाऊल लावून. घरी आल्यावर यांनीच त्यांच्या हातावर पाणी घातलं. नर्सरीत आता चाकूबद्दल हे कोणाला काही सांगत नाहीत. कोणी विचारलं तर, तुम्ही बघून घ्या, म्हणतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

अब्बा म्हणतात पात्याला पाणी द्यायला वर्ष-दोन वर्षं शिकावं लागतं. रुखमाबाई तोवर दातानं उघडेल. हे रोज भट्टी पेटवताना आठव.

रमजान आला. ईदेला ये, असं लिहायला अजून मन होत नाही. शाहीनला आणि अम्मीला मात्र पाठव. आणि चाकू जेव्हा होईल तेव्हा पोस्टानं धाडू नकोस, स्वतः घेऊन ये. आधी तिच्याकडे जा. ती उभं करेल तेवढा वेळ उभा राहा. तिथून येशील तेव्हा जेवायला मी थांबेन.

तुझी आपा,
राबिया