बिनधुराची सुट्टी

४ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

फोनवर पायाचा विषय काढला की तुम्ही फोन आपटता, म्हणून पत्र. पत्र आपटलं तरी तिथेच पडून राहतं आणि तुम्हाला ते वाचल्याशिवाय राहवत नाही, असं आई म्हणते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं, की पायाची रक्तवाहिनी जवळजवळ बुजली आहे, ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट काढून देता येईल, पण सिगारेट सुटल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. धूर चालू राहिला तर नवी वाटही बुजेल आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागेल. बाहेर आल्यावर मी हात जोडले, तर तुम्ही माझ्या खिशातल्या पाकिटाकडे बोट दाखवून म्हणालात, की लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बोललात ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. परवापासून मी सोडली आहे. आता बोला.

एकटीने नाही. आमच्या बसच्या वर्कशॉपात टायरच्या गोदामामागे एका भंगारातल्या बसचं बाक आहे. सकाळी दहाच्या सुट्टीत आम्ही तिघं तिथे ओढायला जमायचो. रंगारीबुवा, वायरमन आणि वेल्डिंगवाली मी. तिघांनी एकदम सोडायचं ठरवलं. बाकाकडे फिरकायचंसुद्धा नाही, असाही ठराव झाला.

हाल कुत्रा खात नाही. रंगारीबुवा सगळ्यांवर खेकसतात, वायरमन कोणाशी बोलतच नाही. मी काल एका बसच्या दाराच्या बिजागऱ्या उलट्या जोडल्या. दार आता आतल्या बाजूला उघडतं. ड्रायव्हर म्हणाला, की प्रत्येक थांब्यावर प्रवाशांना आधी मागे रेटावं लागेल. डोकं ठणकतं, तोंडाला चव नाही. तरी सोडली म्हणजे सोडली.

लोभ तर तुमचा आहेच. रागही येऊ द्या, फक्त तो पायावर काढू नका.

आपली भाची,
झिपरी


९ फेब्रुवारी

चि. झिपरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उजव्या हाताने लिहितो आहे, डाव्या हातात काय आहे ते सांगायला नको. वरच्या कोपऱ्यात राख पडली आहे ती झटकून घे.

नव्याचे नऊ दिवस, एवढंच म्हणणार होतो. पण पुढचं वाचून हसावं की रडावं कळेना. अगं वेडे, सोडायची सिगारेट होती, बाक कशाला सोडलंस? तिघांना दुखणं एकच, आणि तिघं तीन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसलात! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हेच. उद्या सुट्टीत गुपचूप बाकावर जा. एकमेकांवर खेकसा, सुपरवायझरच्या नावाने बोटं मोडा, पण एकत्र बसा.

माझं म्हणशील तर मी सोडणार नाही. तुझ्यासोबत दोघं आहेत. मी दिवसभर दुकानात एकटा, समोर मशीन आणि लोकांचे अर्धवट शिवलेले सदरे. तुझी मामी गेल्यापासून मला हटकून भेटायला येणारी ही एकच. पाय जाईल म्हणून मी हिला हाकलू? मशीन एका पायानेही चालवून दाखवीन, असं तुझ्या डॉक्टरला कळव.

आईला म्हणावं, तिच्या ब्लाउजला अजून हात लागलेला नाही, तिने दुकानाकडे खेपा घालू नयेत. तुझ्यावर माया आहे. डॉक्टरवर अजिबात नाही.

तुझा,
मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि तिघं बाकावर गेलो. आधी हातांचं काय करावं तेच कळेना. वायरमनने प्रत्येकाला तारेचा एकेक तुकडा दिला, तो वाकवत बसलो. मग रंगारीबुवा हळूच म्हणाले, की रोज घरी जाऊन ते बायकोवर ओरडतात आणि नंतर मोरीत तोंड धुताना त्यांना रडू येतं. वायरमन म्हणाला, की त्यालाही येतं. मला वाटत होतं मी एकटीच रडकी आहे. त्यानंतरचे दिवस खूप सोपे गेले.

आणि काल सुपरवायझर उगवला. त्याचं म्हणणं, ही सुट्टी ओढणाऱ्यांची आहे, त्यांना आवरत नाही म्हणून चालत आली आहे. आम्ही ओढत नाही, तर आमचं इथे काय काम? ज्याच्या हातात पेटलेली दिसेल तो बसेल, बाकीच्यांनी उठावं.

मामा, माझं डोकंच फिरलं. पलीकडे एक ड्रायव्हर उभा होता, त्याच्याकडून एक मागून घेतली, पेटवली, सुपरवायझरच्या तोंडासमोर धूर सोडला आणि विचारलं, की आता बसायला परवानगी आहे ना. तो हसला आणि निघून गेला.

जिंकल्याचा आनंद दोन झुरके टिकला. मग कळलं, की हक्काची सुट्टी वाचवायला मी तीच पेटवून बसले आहे. रंगारीबुवांनी ती माझ्या बोटांतून काढून घेतली आणि बुटाखाली चिरडली. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, की उद्याही बसायचं आणि बिनधुराचं बसायचं, पगार कापला तर कापू दे. वायरमन आमच्यातला सगळ्यात भित्रा, पण त्यानेही मान हलवली.

पण चव पुन्हा तोंडात आली आहे आणि ती मला छळते आहे. मी हरले का मामा? हसणार असाल तर हसून घ्या, पण उत्तर लवकर पाठवा.

आपली,
झिपरी


२० फेब्रुवारी

चि. झिपरी हिस,
अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. पत्र वाचून कात्री अशी आपटली, की गिऱ्हाईक माप न देताच निघून गेलं.

त्या टिनपाट सुपरवायझरची ही मजाल! ओढली तर तुम्ही माणसं, नाही ओढली तर बैल? दमतो माणूस, सुट्टी माणसाला हवी. आणि तू हरली वगैरे काही नाहीस. ठेच लागली म्हणून कोणी चालणं सोडत नाही.

आता नीट वाच. डॉक्टरने सांगितलं, तुझ्या आईने डोळ्यांतून पाणी काढलं, तू हात जोडलेस, मी कोणाला जुमानलं नाही. पण त्या सुपरवायझरने माझ्या भाचीला डिवचून तिच्या तोंडात सिगारेट द्यावी, आणि मी इथे तीच तोंडात धरून तुझी बाजू घ्यावी? ते मला जमणार नाही. पत्र वाचताना हातात होती ती अर्धी टाकली. उरलेलं पाकीट चिंध्यांच्या टोपलीत फेकलं. थोड्या वेळाने मन पालटलं आणि उचलायला गेलो, तर कचऱ्याची गाडी टोपली रिकामी करून गेली होती. देव त्या गाडीवाल्याचं भलं करो.

बाकावर चौथा आला, असं तुझ्या मंडळींना सांग. चौथा दुकानात एकटा आहे आणि त्याची अवस्था वाईट आहे, हेही सांग. माया असू दे, सध्या मला तिची गरज आहे.

तुझा,
मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाकावर मोठ्याने वाचलं. रंगारीबुवांनी दोनदा वाचायला लावलं.

इकडची बातमी ऐका. सुपरवायझरशी वाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो, तर टायरवाले पाचजण येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी जन्मात कधी ओढलेली नाही. म्हणाले, की ओढत नाही म्हणून इतकी वर्षं आम्हाला सुट्टीच मिळाली नाही, हा कुठला न्याय? सुपरवायझर तावातावाने मॅनेजरकडे गेला आणि तोंड पाडून परत आला. आता दहाची सुट्टी सगळ्यांची आहे. बाकावर जागा पुरत नाही, ही नवी कटकट.

तुमची सोय केली आहे. दहाला मशीन थांबवून दुकानाच्या पायरीवर बसायचं. रंगारीबुवा रोज फोन करतील. आमचा नियम एकच. ओढावीशी वाटते असं कितीही वेळा सांगता येतं, ओढली तरी सांगता येतं, आणि ऐकणाऱ्याला उपदेश करता येत नाही. मामा, मी आनंदाने रडले, हे आईला सांगू नका.

आपली,
झिपरी


११ मार्च

चि. झिपरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे रंगारीबुवा हा एक हट्टी प्राणी आहे. नुसत्या फोनवर मला शिकवतो, की त्यांच्या बसचा निळा तोच सदऱ्याच्या कापडातला गडद निळा. मी म्हणतो, जन्म गेला कापडात, गडद निळ्यावर इतकी चमक येतच नाही. रोज दहाला हेच भांडण. सकाळपासून मुद्दे जुळवत बसतो, त्यात तेवढाच वेळ जातो.

बाकी विचारू नकोस. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. परवा तर दुकान उघडं टाकून गेलो आणि पाकीट घेऊन आलो. पायरीवर बसून एक ओठात धरली, काडी काढली, तेवढ्यात फोन. बुवांना खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, की ठीक आहे, आधी निळ्याचं काय ते मिटवू. मी इतका भडकलो, की ओठातली कधी खाली पडली कळलंच नाही. फोन ठेवल्यावर पाकीट पानवाल्याला परत देऊन आलो.

डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली आहे. मला भीती वाटते, झिपरे. हे फक्त तुला सांगतो.

तुझा,
मामा


६ एप्रिल

चि. झिपरी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा शुद्धीवर आलो तेव्हा तुम्ही तिघं कामाच्या कपड्यांत पलंगापाशी उभे होता, ते धड दिसलंसुद्धा नाही. बुवा माझ्यापेक्षा बुटके निघाले. आवाजावरून मला ते ताडमाड वाटले होते.

डॉक्टरने आज सगळं सांगितलं. पायाच्या करंगळीला उशीर झाला होता, ती त्यांनी ठेवून घेतली. बाकीचा पाय मी घरी घेऊन चाललो आहे. त्यांनी माझ्याच हाताचं बोट घोट्यापाशी नेऊन टेकवलं. खाली नाडी उडत होती, झिपरे. डॉक्टर पाठ थोपटू लागले, तेव्हा सांगितलं, की तुमच्यासाठी सोडलेली नाही, उगाच श्रेय घेऊ नका. ते हसले. माणूस बरा आहे.

सकाळी नर्सने धरून उभं केलं आणि त्याच क्षणी ओढावीशी वाटली. इतकी, की खिडकीचा गज घट्ट धरला. ही बया जन्मभर माझा पिच्छा सोडेल असं दिसत नाही. येऊ दे तिला. मी दोन्ही पायांवर उभा आहे.

लोभ करत राहा, मीही करतोच आहे.

तुझा,
मामा