बर्फ सारायचं पातं

अबुधाबी,
ऑक्टोबर २००२

प्रिय ॲनेट,

तुझा फॅक्स मिळाला. कॅटलॉगची तिन्ही पानं आली, पण आमच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमधलं मशीन प्रत्येक चित्रावर राखाडी पडदा ओढतं, त्यामुळे तुझी ती बर्फाची पाती मला धुक्यातून पाहिल्यासारखी दिसली. त्याच दिवशी वसईहून मम्मीचा फोन होता. मी सहज सांगून गेलो की ॲनेट क्वाडला लावायला प्लाउ घेतेय. ती म्हणाली, "एकटी नांगरणार काय रे ती तिथे?" मी समजावलं की हा नांगर जमिनीत घुसत नाही. चार चाकांच्या मोटरसायकलला पुढे एक आडवं पातं लावतात आणि घरापासून रस्त्यापर्यंत साचलेला बर्फ त्याने बाजूला सारतात. तिच्या डोळ्यांसमोर काय आलं कोण जाणे. खरं सांगायचं तर मलाही काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं या गाड्या खोलतोय आणि जोडतोय, पण बर्फ पाहिला तो फ्रीजरच्या भिंतीला धरलेला.

तुझ्या घराचा फोटो आमच्या टीव्हीवर ठेवलाय, रॉयडनने पहिल्या हिवाळ्यात पाठवला होता तो. एवढंसं घर, बाकी सगळं पांढरं. लिली म्हणते, हा फोटो बघितला की एसी कमी करावासा वाटतो. आमची धाकटी त्याला अजून 'अंकल्स प्लॅनेट' म्हणते. मला त्या फोटोत नेहमी इथला रॉयडन दिसतो. तू हॉटेलच्या रिसेप्शनला होतीस आणि तो बँक्वेटला, तेव्हाचा. शुक्रवारची चर्चमधली मिस्सा झाली की तो माझ्याबरोबर वाळवंटात यायचा, दुरुस्त केलेल्या गाड्या चालवून बघायला. बाकीचे ओरडत उतारावरून गाड्या सोडायचे. हा एखाद्या उंच टेकाडावर जाऊन इंजिन बंद करायचा आणि नुसता बसून राहायचा. एकदा मी शेजारी जाऊन थांबलो. समोर बघत तो म्हणाला, "फ्रान्सिस, असंच पाहिजे, पण पांढरं." मी हसलो होतो. वर्षभरात तुमचे कॅनडाचे कागद आले आणि तुम्ही खरोखरच त्या पांढऱ्यात निघून गेलात. तिथे गेल्यावर घराच्याही आधी त्याने काय घेतलं, तर जुनी क्वाड. तू फोनवर किती चिडली होतीस.

आणि आता ती क्वाड शेडमध्ये आहे, रॉयडन मे महिन्यात कुंपण दुरुस्त करता करता खाली बसला तो उठलाच नाही, आणि ट्रॅक्टरने तुमची वाट मोकळी करून देणारे शेजारचे म्हातारबाबा लेकीकडे शहरात राहायला गेले. बर्फ पडला की तुला सकाळच्या ड्यूटीला वृद्धाश्रमात पोचायचंय, आणि मध्ये ती लांबलचक खडीची वाट. तू इतक्या शांतपणे सांगितलंस हे सगळं, आणि मग विचारलंस, "दादा, यातलं कुठलं घेऊ? दुकानदार म्हणतो सगळ्यात रुंद घ्या."

बर्फ न पाहिलेल्या माणसाने काय सांगायचं? दोन दिवस ती पानं खिशात घेऊन फिरलो. मग हनीफला दाखवली. हनीफ म्हणजे आमचा वेल्डर, श्रीवर्धनचा, मराठी बोलायला मिळतं म्हणून जेवायला माझ्या केबिनमध्ये येतो तो. त्याने पानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "सर, बर्फ नाय तर नाय, रेती तर आहे आपल्याकडे." आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकांचं, खजुराचं शेत आहे, तिथली आतली वाट वाऱ्याने सारखी वाळूखाली जाते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "यल्ला, ट्राय." हनीफने एका जुन्या टाकीचा पत्रा कापला, वाकवला, खाली जाड पट्टी मारली आणि ते पातं आमच्याकडच्या एका क्वाडला जोडलं. गेल्या शुक्रवारी सकाळी पिकअपमध्ये टाकून आम्ही ती शेतावर नेली.

ॲनेट, त्या सकाळी एवढं धुकं होतं की शेताचं फाटक हाताला लागलं तेव्हाच कळलं. खजुराची झाडं नव्हती, आकाश नव्हतं. पुढच्या दिव्याच्या उजेडात वाळूसुद्धा पांढरी दिसत होती. मी पातं खाली सोडलं आणि निघालो. वाळू पात्यापुढे गोळा व्हायची, वळायची आणि कडेला ओघळत राहायची, अगदी हळू, झोपेत कूस बदलल्यासारखी. मागे वळून पाहिलं तर चांगली मोकळी वाट दिसत होती. थोड्या वेळाने मला इंजिनचा आवाजही ऐकू येईनासा झाला. वाटलं, आता धुकं विरळ होईल आणि समोर तुझं घर येईल, खिडकीत दिवा असेल. तेवढ्यात पुढे कुणीतरी चालताना दिसलं. डोक्याला मफलर गुंडाळलेला, पाय जरा फाकवून टाकत चाललेला. रॉयडन तसाच चालायचा. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, वेग वाढवला, आणि पातं वाळूत पुरलेल्या सिमेंटच्या कठड्याला अडकलं. गाडी जागच्या जागी थांबली. मी नाही थांबलो. हँडलवरून पुढे जाऊन वाळूत पडलो.

लागलं नाही फारसं, खांदा दुखतोय. तो चालणारा माणूस शेताचा राखणदार युसुफ निघाला. धावत आला, मला उठवायला लागला, आणि मी उठेचना. तिथेच वाळूत बसून मी रडलो. मे महिन्यात तुझा फोन आला तेव्हा रडलो नव्हतो. लिलीला सांभाळ, मम्मीला कळव, तिकीट बघ, व्हिसा वेळेत मिळणार नाही हे ऐकून घे, यात ते राहून गेलं होतं. युसुफने पाणी आणून दिलं आणि उन्हं येईपर्यंत शेजारी बसून राहिला. हनीफ मात्र आधी पात्याकडे गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, स्प्रिंग नाय लावली आपण. पातं मागे झुकायला पायजे होतं."

तर नीट ऐक. ज्याच्या मागे स्प्रिंग आहेत तेच घ्यायचं. खाली दगड लागला, गोठलेली माती लागली, तर पातं झुकेल आणि तू गाडीवर राहशील. दुसऱ्या पानावरच्याला त्या आहेत, मी हनीफच्या भिंगाने पाहिल्या. दुकानदाराचं ऐकू नकोस. फार रुंद पात्यापुढे एवढा ढीग साचतो की गाडी एका अंगाला ओढली जाते, ते मी वाळूत अनुभवलं. पण पहिल्या पानावरचं अगदी अरुंदही नको, कारण पातं तिरकं केलं की ते आणखी आखूड होतं आणि चाकं न सारलेल्या बर्फावर चढतात. उचलायला हाताचा दांडा नको. प्रत्येक वळणाला तो ओढायचा म्हणजे तुझं मनगट आठवड्यात जाईल. विंच लाव, त्याची मोटर दोर ओढते आणि पातं बटणावर वरखाली होतं. पात्याखाली लोखंडी बूट मिळतात, ते लावून घे, म्हणजे पातं जरा उचललेलं राहील आणि वाटेवरची खडी बर्फाबरोबर निघून जाणार नाही. आणि पहिला बर्फ कडेला जवळच टाकून मोकळी होऊ नकोस, लांब ढकल. मी वाळू जवळच टाकत गेलो आणि परत येताना मलाच जागा उरली नाही. तुझ्याकडे तर मार्चपर्यंत पडत राहणार. हेल्मेट घाल. हळू जा. समोर कुणी दिसलं तरी हळूच जा.

आता हे पत्र कशासाठी लिहायला घेतलं होतं ते सांगतो. मम्मीने मला बजावलंय की तू मोठा भाऊ आहेस, तू लिहिलंस तर ती ऐकेल, तिला घर विकून परत यायला सांग. तुझ्या जुन्या हॉटेलात मी बोलूनही आलो होतो, ते घ्यायला तयार आहेत. लिलीने मुलींना एका खोलीत हलवलं आणि दुसरी तुझ्यासाठी रिकामी केली, पडदेसुद्धा बदलले. हे सगळं लिहायला बसलो आणि शेजारी तुझा फॅक्स होता. आम्ही सगळे तू कधी येणार एवढंच विचारत राहिलो, आणि तू विचारत होतीस की हिवाळ्यात घराबाहेर कसं पडायचं. त्या शेतावर स्वतः वाट मोकळी करायला निघून पडलो नसतो तर हा फरक मला कळला नसता. खोली आहे, ॲनेट, ती राहील, कधीही ये. पण मी तुला ये म्हणणार नाही. हे पत्र पेटीत टाकलं की मम्मीला फोन करणार आहे. तिला सांगेन की ॲनेट तिथेच राहतेय, आणि आपण तिला दुसऱ्या पानावरचं पातं घ्यायला सांगितलंय.

बर्फ पडला की कळव,
तुझाच,
फ्रान्सिसदादा