कागदावरचं शौर्य

ता. ४ जुलै
चि. होयबास,
आजीचे उदंड आशीर्वाद. तुझं पत्र खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंनी वाचून दाखवलं. हेही मी सांगते आणि त्या लिहितात. गुडघा बरा आहे, फक्त माझं ऐकत नाही.

तू कळवलंस, की तुमच्या अकाउंटच्या वर्गात सरांनी स्वभावाचे प्रश्न वाटले. साहेबाने खोटे आकडे मांडायला सांगितले तर काय कराल? तू लिहिलंस, नोकरी सोडेन. तुझ्या मैत्रिणीने, त्या गोगलगायीने लिहिलं, मी भित्री आहे, बहुतेक गप्प बसेन. सरांनी तिचं उत्तर मोठ्याने वाचलं, वर्ग हसला, तूही हसलीस. आता ती मागे एकटी बसते, शिक्षण सोडायचं म्हणते.

लहानपणी माझी करपलेली भाजीही तू छान म्हणून खायचीस. समोरच्याला आवडेल ते बोलायचं, हा तुझा स्वभाव. सरांच्या कागदालाही तू भाजी छान झाली म्हणालीस. खरं लिहिलं ते गोगलगायीने. आता काय करणार, ते कळव.
माया आहेच, ती मागावी लागत नाही.
आजी

ता. ९ जुलै
ती. आजीस सा. न.
सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की माझं उत्तर खोटं होतं, मीही गप्पच बसले असते. सर म्हणाले, कबुलीला धैर्य लागतं. बाहेर आले तरी हलकं वाटलं नाही. जिन्यात ती भेटली. मी खाली पाहिलं.
तुझी होयबा

ता. १५ जुलै
चि. होयबास,
आशीर्वाद. म्हणजे तिथूनही शाबासकीच घेऊन आलीस. हसलीस भर वर्गात, आणि कबुली दार लावून. टेलरबाई म्हणतात, पोरीला इतकं टोचू नका. मी म्हटलं, सुई तुमच्याकडे, तुम्ही जपून लिहा.

मला अक्षर येत नाही, म्हणून तुझी लाज मला टेलरबाईंच्या तोंडून ऐकावी लागते. त्यांना कळलं, तरी तुझं काही बिघडलं का?
जेवत जा.
आजी

ता. २२ जुलै
ती. आजीस सा. न.
आज हजेरी झाल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आवाज फाटला. कोणीतरी हसलं. सर म्हणाले, बस खाली, वेळ जातो.

मी शेवटच्या बाकापाशी गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारची पिशवी तेवढी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. लाज अजून गेलेली नाही.

टेलरबाईंना हे मोठ्याने वाचायला सांग.
तुझी नात