अंबुमावशींची खालची पट्टी

सोलापूर,
मंगळवार

प्रिय अप्पा,

पत्र बघून दचकू नका, मी बरी आहे. फोनवर मी 'अप्पा' म्हणते, तुम्ही 'जेवलीस का?' विचारता आणि फोन आईच्या हातात देता. आज मला तुमच्याशीच बोलायचंय, तेही मधे न थांबता, म्हणून कागद घेतला. चष्मा लावून निवांत वाचा. आईला नंतर द्या.

मार्चमध्ये मी मातीचे नमुने न्यायला टेंभुर्णीला आले होते, तो दिवस सारखा आठवतो. तेलानं बिघडलेल्या मातीत जीव कसे जगतात, हे तपासायचं आमचं काम. हायवेच्या कडेच्या बारा जागा निवडल्या होत्या, त्यात आपलं गॅरेजही होतं. तुम्ही एका ट्रॅक्टरखालून बाहेर आलात, माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलंत आणि स्वतःच खणायला बसलात. "घे की पायजे तेवढी, माती कमी पडती व्हय?" म्हणालात. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतात, पोरगी मातीची डॉक्टर व्हायला लागलीय म्हणून. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. त्या पिशवीवर मी सात नंबर टाकला. मग ओढ्याकडच्या उतारावर जाऊन अंबुमावशींच्या खालच्या पट्टीतली माती घेतली, तिला आठ. ताडून बघायला त्यांच्याच वरच्या शेतातलीही थोडी घेतली.

ती पट्टी तुम्ही रोज बघता. आपल्या कुंपणाला लागून मावशींचं शेत. वर ज्वारी डोक्याएवढी होते आणि खालच्या दहा गुंठ्यांत गुडघ्याएवढीही होत नाही. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून त्याच शेत बघतात, आणि त्यांचे दीर कोंडीबा चारचौघांत म्हणतात की बाईच्या हाताला यश नाही. तुम्हीसुद्धा एकदा मावशींना खत वाढवायला सांगितलं होतंत. बिचाऱ्यांनी दोन वर्षं तिथं मेंढ्या बसवल्या. काही उपयोग झाला नाही.

इथं प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक मातीत दहा-दहा गांडुळं सोडली. सात नंबरच्या बरणीतली गांडुळं खाली गेलीच नाहीत. काचेला चिकटून वर येत राहिली आणि आठवड्याच्या आत सगळी मेली. आठमधली चार मेली. उरलेली सहा गांडुळं महिनाभर जगली, पण वाळल्या सुतळीसारखी झाली आणि त्यांनी एकही अंडं घातलं नाही. मग मी एका खोक्यात अर्ध्या भागात खालच्या पट्टीतली आणि अर्ध्यात मावशींच्याच वरच्या शेतातली माती भरली, आणि मधोमध गांडुळं सोडली. दोन दिवसांनी बघितलं तर दहाच्या दहा वरच्या शेताच्या मातीत. खालच्या पट्टीतल्या मातीत ज्वारीचं बी रुजलं, पण मूळ नखाएवढं होऊन काळं पडलं. सात आणि आठ, दोन्ही मातींत तेल एकाच जातीचं निघालं. इंजिनातलं, वापरून जळालेलं.

मला तुमचा राग आला नाही, अप्पा. तुमच्या हातांना येणारा तो वास मला लहानपणापासून घराचा वास वाटतो. उन्हाळ्यात धूळ बसावी म्हणून तुम्ही दारात काळं ऑइल शिंपडायचात, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासायचात, आणि उरलेलं मागच्या खड्ड्यात ओतायचात. चिंधी घेऊन मीही फासलंय. ते दर पावसात थोडं थोडं उतारानं खाली जातं, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत. कारण सापडल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, असं म्हणायचात. आता कारण सापडलं, ते आपल्याच दारात.

पंधरा दिवस मी गप्प होते. अहवालात कुणाचं नाव नसतं, नुसते नंबर. सातवी जागा कुणाची, हे कुणी विचारणार नव्हतं. शेवटी आमच्या मॅडमना सांगितलं, ते आमचंच गॅरेज आहे म्हणून. त्यांनी मला त्या दोन बरण्यांपासून दूर ठेवलं आणि दुसऱ्या मुलीकडून सगळं पुन्हा तपासून घेतलं. तिचेही आकडे तेच आले. अहवाल आता गेलाय. पण नंबर वाचून अंबुमावशींना काय कळणार होतं?

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते सांगते. गेल्या गुरुवारी मी टेंभुर्णीला आले होते आणि घरी न येता परत फिरले. मावशींच्या बांधावर बसून त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या आधी त्यांना सांगितलं, ही माझी चूक. पण आधी तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं, तर मला तिथवर जाणं जमलं नसतं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या कितीतरी वेळ हातानं ढेकळं फोडत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, "मंजी माजा हात वाईट न्हवता." नऊ वर्षं त्या तेच खरं मानून होत्या, अप्पा. त्यांनी तुमच्याकडे एकच मागितलंय. हे कोंडीबांना तुम्ही सांगावं. माझ्या कागदावर ते विश्वास ठेवणार नाहीत, तुमच्या शब्दावर ठेवतील. रविवारी सकाळी दोघंही गॅरेजवर येतील. मी शनिवारीच येते. खड्डा उपसू, ऑइल ड्रममध्ये साठवू, पट्टीतली माती शेणखत घालून वरखाली करत राहू. चार-पाच वर्षं लागतील, पण गांडुळं परत येतात, मी दुसरीकडे बघितलंय. ती सगळी मेहनत माझी. सांगणं मात्र तुमचं. तुम्ही बोलाल तेव्हा मी तुमच्याच शेजारी उभी असेन.

तुमचीच,
ऋतुजा