सागवीरचा उजवा हात

प्रिय कपिल,

अक्षर ओळखलं असशीलच. नववीपर्यंत तुझ्या अर्ध्या वह्या मीच पूर्ण करून द्यायचो. मी ओम, नेमसिंग ड्रायव्हरचा. आता पांढरकवड्याला तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानात असतो, लोकांचे अर्ज टाइप करतो. दहावी राहिली ती राहिलीच, पण माझ्या अर्जात चूक काढून दाखवणारा साहेब अजून भेटला नाही.

मागच्या सोमवारी आपल्या शाळेच्या बबिता मॅडम सव्वीस जानेवारीची पत्रिका करायला आल्या. ‘प्रमुख पाहुणे : महानायक सागवीरचे जनक, चित्रकार श्री. कपिल भोयर.’ मीच टाइप केलं, तीनदा तपासलं. ‘जनक’ शब्दाशी बोट अडलं, तरी शब्द बरोबरच उमटवला. पुण्यात छापलेलं तुझं सागवीरचं चित्रपुस्तकही त्यांनी पर्समधून काढून दाखवलं. वर म्हणाल्या, “तुह्याच वर्गातला न हा? मंग समोर बसाले येजो बावा, लाजत नोको जाऊ.”

घरी जाऊन मी बाबाची पत्र्याची पेटी उघडली. महानायकांचं ते जुनं परिचय-पुस्तक आठवतं ना? बाबानं हैदराबाद रोडवरच्या भंगारवाल्याकडून आणलेलं, आपल्या जन्माआधीचं, हिंदी. प्रत्येक पानावर एक वीर किंवा एक खलनायक, खाली असली नाव, शक्ती, कमजोरी. आपण आधी कमजोरीच वाचायचो. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण शेवटची दोन पानं शाबूत आहेत. ‘आपला नायक इथे काढा’ असं छापलेली. एकावर माझा सागवीर, सागाच्या जंगलातून निघालेला, सागाच्या पानांची झूल पांघरलेला. दुसरं पान तुझं. कोरं.

ठरलं होतं की नायकाची कमजोरी आपापली, खरी लिहायची. मी लिहिली : ‘चार माणसं बघायला लागली की याचा आवाज जातो.’ तू म्हणालास, मी नंतर लिहितो. मग पुस्तक पंधरा दिवस घरी नेलंस. परत दिलंस तेव्हा सागवीरच्या रेघा खोल दबलेल्या होत्या, जशा वर कागद ठेवून गिरवल्यावर दबतात, आणि खालचं ‘ओम, इयत्ता आठवी’ खोडरबरानं पुसलेलं. मी विचारलं नाही. विचारणं मला कधी जमलंय?

नववीच्या स्नेहसंमेलनात मी भाषणाला उभा राहिलो आणि दुसऱ्या वाक्याला अडकलो. शेजारून तू माईक घेतलास. “पाहा रे पोट्टेहो, ओम्यानं सोताच लिवून ठेवलंय, याचा आवाज जाते म्हनून! रिमोट आना रे, म्यूट झाला!” सगळी शाळा हसली. मॅडमसुद्धा हसल्या, त्यांना आठवत नसेल. त्या दिवसापासून मी म्यूट्या. दहावीच्या तोंडी परीक्षेला गेलो, दारातून शिक्षक दिसले आणि परत फिरलो. मग शाळेत गेलोच नाही.

तुझी मोबाइलवरची मुलाखत मी सात वेळा पाहिली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, सागवीरचा उजवा हात कायम झुलीमागे का असतो? तू हसून म्हणालास, ते रहस्य आहे, पुढच्या भागात कळेल. रहस्य काही नाही, कपिल. मी हात काढायचो तो स्वतःचा हात समोर धरून. डावा समोर धरता यायचा. उजव्यात पेन्सिल असायची, म्हणून उजवा मला कधी काढताच आला नाही, झुलीमागे लपवायचो. आता तुझं सांग. तू डावखुरा. तुझा उजवा हात तर रिकामाच होता.

मी सागवीरच्या पानाच्या एकशे चाळीस प्रती काढल्यात, शाळेत मुलं तेवढीच आहेत. प्रत्येक प्रतीखाली ‘पाहुण्यांना विचारा’ म्हणून एकच ओळ टाइप केलीय : ‘सर, तुम्ही डावखुरे, मग सागवीरचा उजवा हात का लपलाय?’ पत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर त्या शाळेत पोचतील. तू बोलायला उभा राहिलास की मुलं विचारतील, एका आवाजात. मला तोंड उघडायची गरज नाही. मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे समोर बसेन, मांडीवर ते जुनं परिचय-पुस्तक घेऊन.

तुला वाटेल, हे मी आधी कशाला कळवतोय, तू आजारपणाचं निमित्त काढून टाळू शकतोस. टाळ की. प्रती तरीही वाटल्या जातील. हे स्पीड पोस्टनं तुला वीस तारखेला मिळेल, म्हणजे तुझ्याकडे पुरते सहा दिवस राहतील. माईकसमोर जे होतं ते दोन मिनिटांत संपतं, कपिल. त्याच्या आधीचे दिवस कसे जातात, जेवण कसं उतरत नाही, पाठ केलेलं वाक्य आंघोळ करतानासुद्धा कसं हरवतं, ते तुला कळावं एवढ्यासाठीच हे पत्र. येताना पेन आण. तुझ्या पानावरची कमजोरीची ओळ अजून कोरी आहे.

तुझाच, समोरच्या रांगेतला,
ओम